खोल्यांची गणती आणि घराची पैमाईश



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या माझ्या गुरुवर्यांपुढे घराचा नकाशा घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न येई तो भिंतींविषयी नसे, खर्चाविषयी तर नसेच, "पलंग कुठे आहे?" एवढेच ते विचारीत. नकाशात पलंग काढलेला नसला, म्हणजे ते शिसपेन्सिलीने स्वतःच तो प्रमाणात काढीत, मग त्याच्या शेजारी कपाट, कपाटाचे उघडलेले दार, ते उघडण्यासाठी मागे सरकून उभे राहिलेले माणूस, आणि खोलीचे दार जिथवर फिरते तो वर्तुळखंड. आणि एवढे सगळे काढून झाल्यावर कागदावर मोकळी जागा किती उरली, हे ते काही न बोलता दाखवीत. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १९७४ साली, मी एका इंग्लिश नगरपालिकेच्या वास्तुशाखेत नोकरीस लागलो, तेव्हा माझ्या मेजावर पहिल्याच दिवशी जे सरकारी पुस्तक ठेवण्यात आले त्यात पलंग, कपाट, बाबागाडी, जेवणाचे मेज आणि त्या मेजाभोवती खुर्ची मागे ओढून उठणारी माणसे, अशी सारी चित्रे मापांसह छापलेली होती. मला क्षणभर असे वाटले, की गुरुजी माझ्याआधीच येथे येऊन गेले आहेत.

ब्रिटनमधील आजच्या घरांचा संकोच हा विषय मी या व्यासपीठासाठी निवडला, याची दोन कारणे आहेत. माझी उमेदीची सगळी वर्षे त्या घरांत आणि त्या घरांच्या नकाशांत गेली, हे पहिले. दुसरे असे, की आपल्याकडील नगररचनेचा कायदा त्या देशातून आलेला आहे. १९०९ च्या ब्रिटिश कायद्यामागोमाग सहा वर्षांनी, १९१५ साली, मुंबई इलाख्याचा कायदा झाला. जेथून आपण कायदा घेतला, तेथे त्या कायद्याच्या छायेतच घर आक्रसत गेले असेल, तर ते कसे गेले हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

या कथेचा आरंभ संकोचाने होत नाही, औदार्याने होतो. पहिले महायुद्ध संपता संपता, १९१८ साली, सर जॉन ट्यूडर वॉल्टर्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने श्रमजीवी वर्गाच्या घरांविषयी आपला अहवाल सादर केला. रेमंड अन्विन हा थोर नगररचनाकार त्या समितीत होता आणि अहवालाच्या पानापानांवर त्याचा हात दिसतो. तीन निजण्याच्या खोल्यांच्या घराला, बैठकीची वेगळी खोली नसेल तर, ८५५ चौरस फूट, आणि ती असेल तर १०५५ चौरस फूट. शहरात एकरी बारांहून अधिक घरे नकोत. समोरासमोरच्या घरांत सत्तर फुटांचे अंतर हवे, म्हणजे हिवाळ्यातले तिरपे ऊन तळमजल्याच्या खिडकीपर्यंत पोचेल. गिरणीत काम करणाऱ्या माणसाच्या खिडकीत पौषातले ऊन यावे म्हणून दोन रांगांमधले अंतर किती असावे, याचा हिशेब एखाद्या शासकीय समितीने करावा, याला मी एका राष्ट्राच्या सुसंस्कृततेचे लक्षण समजतो. पुढच्याच वर्षी ॲडिसन यांचा गृहनिर्माण कायदा झाला. पाच लाख घरांचा तो संकल्प पैशाअभावी १९२१ मध्ये अर्ध्यावरच सोडून देण्यात आला हे खरे. परंतु जी घरे त्यातून उभी राहिली त्यांत आजही लोक सुखाने नांदत आहेत.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्याच दशकात, त्याच साम्राज्याच्या मुंबई सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे ज्या बी.डी.डी. चाळी बांधल्या, त्यांतल्या एका कुटुंबाच्या वाट्याला १६० चौरस फुटांची एकच खोली आली आणि शौचकूप समाईक. लंडनच्या कामगाराला आठशे पंचावन्न आणि मुंबईच्या कामगाराला एकशे साठ, ही दोन्ही मापे जवळपास एकाच वेळी कागदावर उतरली. माणसाला किती जागा लागते हे त्या राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते, असे म्हणायला जागा राहत नाही. त्यांना ते पुरते ठाऊक होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ साली, ब्रिटनच्या डडली समितीने तीन निजण्याच्या खोल्यांच्या घराचे माप ९०० चौरस फुटांवर नेले, आणि १९४५ साली आरोग्यमंत्री म्हणून ज्यांच्याकडे गृहनिर्माणही आले त्या अन्युरिन बेव्हन यांनी, देशात पोलाद नाही, लाकूड नाही, गवंडी नाहीत, अशा हलाखीतही नगरपालिकांची घरे सरासरीने हजार चौरस फुटांच्या वर ठेवली. घरांची संख्या कमी पडते म्हणून त्यांच्यावर कडक टीका झाली. १९५१ नंतर हॅरॉल्ड मॅक्मिलन यांनी वर्षाला तीन लाख घरांचे आपल्या पक्षाचे वचन पाळले. मात्र ते पाळताना घराचे आकारमान उतरवले गेले. संख्या आणि माप यांचा हा झगडा तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही. माझा कौल मी आताच सांगून टाकतो: संख्येची चूक दहा वर्षांत भरून काढता येते, मापाची चूक मात्र इमारत उभी आहे तोवर, म्हणजे शंभर वर्षे, तीन पिढ्यांनी भोगायची असते.

आता मी त्या पुस्तकाकडे वळतो. १९६१ साली सर पार्कर मॉरिस यांच्या समितीने 'आजची आणि उद्याची घरे' या अर्थाच्या नावाचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि १९६३ साली त्याला जोडून सरकारने मापांची ती सचित्र पुस्तिका काढली. मॉरिस हे वास्तुविशारद नव्हते; ते वेस्टमिन्स्टर नगरपालिकेचे मुख्य अधिकारी होते, आणि कदाचित म्हणूनच त्यांच्या समितीने शैलीचा, सौंदर्याचा, भिंतींचा विचार बाजूला ठेवून आधी हा प्रश्न विचारला, की या घरात माणसे करतात काय? मुले अभ्यास कोठे करतात, आणि त्याच वेळी कोणाला दूरचित्रवाणी पाहायची असेल तर ते कोठे बसतात? कपडे धुण्याचे यंत्र आले, ते ठेवायचे कोठे? बाबागाडी पावसातून भिजून आली, तर ती दिवाणखान्यातून ओढत न्यावी लागते काय? समितीने खोलीगणिक किमान माप ठरवून दिले नाही, ही त्या अहवालातली सर्वांत मार्मिक गोष्ट आहे. खोलीचे किमान माप ठरवले की बांधणारा तेवढीच खोली बांधतो, हे तिने ओळखले होते. तिने राहणाऱ्या माणसांच्या संख्येवरून सबंध घराचे क्षेत्रफळ ठरवले, चौघांच्या दुमजली जोडघराला ७२ चौरस मीटर, शिवाय सामानासाठी साडेचार चौरस मीटर निराळे. आणि नकाशात फर्निचर काढून दाखवले पाहिजे अशी शिफारस केली. बाहेर पाणी गोठत असताना बैठकीच्या खोलीत १८ अंश आणि स्वयंपाकघरात १३ अंश उष्णता राखता आली पाहिजे, पाचजणांच्या घरात दोन शौचकूप हवेत, असेही तिने लिहिले.

हे सर्व १९६७ साली नव्या नगरांना आणि १९६९ साली नगरपालिकांच्या घरांना बंधनकारक झाले. समितीची इच्छा खासगी घरांनाही तोच नियम लावावा अशी होती; ती मात्र कधीच मान्य झाली नाही. पार्कर मॉरिसचा काळ म्हणजे सुवर्णयुग होते असे मी तुम्हांला सांगणार नाही, कारण मी त्यात काम केले आहे. १९६७ सालीच सरकारने खर्चाची मर्यादा घालून दिली, आणि किमान म्हणून जे लिहिले होते तेच कमाल होऊन बसले. आमच्या शाखेत पाच चौरस मीटर जास्त मागणारा नकाशा वरच्या कचेरीतून हटकून परत येई. शिवाय आतून प्रशस्त असलेली ती घरे कित्येकदा वाऱ्याने घोंघावणाऱ्या उंच मनोऱ्यांत रचली गेली, जेथे उद्वाहन बंद पडले की मूल कडेवर घेऊन आईने अकरा मजले चढायचे. बाहेरच्या या पापाचे माप लोकांनी आतल्या पुण्याच्या पदरात घातले, आणि ती प्रमाणे रद्द झाली तेव्हा त्यांच्यासाठी कोणी हळहळले नाही.

ती १९८० साली रद्द झाली. स्थानिक शासन, नियोजन व भूमी यांविषयीच्या त्या वर्षीच्या कायद्याने बंधन उठवले, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने नगरपालिकेची घरे राहत्या भाडेकरूंना विकत घेण्याचा हक्क दिला. आमच्या शाखेतली नकाशे काढण्याची मेजे एकेक करून रिकामी झाली. नगरपालिका नवी घरे बांधीनाशा झाल्या, आणि घर बांधणे हे जवळजवळ सर्वस्वी खासगी बांधकाम करणाऱ्यांच्या हाती गेले. सांगायला खेद होतो, पण त्यानंतर पस्तीस वर्षे इंग्लंडात घराचे किमान क्षेत्रफळ सांगणारे एकही राष्ट्रीय प्रमाण नव्हते.

आता या संकोचाचे खरे कारण काय? ब्रिटन हे लहान बेट आहे, तेथे जमीन नाही, असे तिथला सामान्य माणूसही सांगतो आणि त्याचा त्यावर विश्वास असतो. परंतु इंग्लंडच्या भूमीपैकी इमारती, रस्ते व तत्सम कामांखाली आलेला भाग एक दशमांशाहूनही कमी आहे. टंचाई मातीची नाही. बांधकामाची परवानगी मिळालेल्या मातीची आहे. १९४७ च्या कायद्याने जमिनीवर बांधण्याचा हक्क शासनाच्या मंजुरीवर अवलंबून केला. तेव्हापासून शेताला परवानगी मिळाली की त्याची किंमत कित्येक पटींनी चढते, आणि त्या परवानगीच्या जमिनीसाठी बांधकाम करणाऱ्यांत चढाओढ लागते. हिशेब उलट्या बाजूने मांडतात. या जमिनीवर इतकी घरे बसतील, ती इतक्याला विकली जातील, त्यातून बांधकामाचा खर्च आणि नफा वजा जाता जे उरेल तेवढे जमीनमालकाला देता येईल. जो एकरी जास्त घरे बसवतो त्याची बोली सर्वांत मोठी ठरते. मोठी घरे बांधू इच्छिणारा सज्जन त्या लिलावातूनच बाद होतो. म्हणजे घर लहान होते ते खरेदीदारासाठी स्वस्त व्हावे म्हणून नव्हे. लहान घराची बचत जमिनीच्या किमतीत मुरून जाते. म्हणूनच किमान मापाचा कायदा केल्यास घरे महाग होतील हा आक्षेप मला लटका वाटतो. नियम सर्वांना सारखाच असला, की प्रत्येकाची बोली सारखीच खाली येते, आणि भार मुख्यत्वे जमिनीच्या भावावर पडतो.

आणि खरेदीदाराच्या हे लक्षात येत नाही, याचे कारण त्या देशाच्या एका रूढीत आहे. आपल्याकडे घर चौरस फुटांवर विकतात. त्या चौरस फुटांतही फसवणूक होते, इतकी की २०१६ च्या कायद्याला चटईक्षेत्राची व्याख्या करून द्यावी लागली. तरी निदान भांडण जागेवरून होते. ब्रिटनमध्ये घर पिढ्यान् पिढ्या निजण्याच्या खोल्यांच्या संख्येवर विकले गेले. दोन खोल्यांचे, तीन खोल्यांचे, चार खोल्यांचे. त्यामुळे त्याच भिंतींच्या आत एक आडवी भिंत जास्त घातली की घराची किंमत वाढते आणि घर मात्र लहान होते. राजमान्य ब्रिटिश वास्तुविशारद संस्थेने २०११ साली पाहणी केली, तेव्हा तीन खोल्यांचे नवे घर सरासरी ८८ चौरस मीटरचे निघाले, लंडनसाठी सुचवलेल्या ९६ हून आठ मीटरने कमी. आणि एका खोलीचे घर ४६ मीटरचे. आठ चौरस मीटर म्हणजे अख्खी एक लहान खोली होते. ती नकाशात मोजलेली असते आणि घरात नसते.

गेल्या काही वर्षांत एका नव्या वसाहतीतले नमुन्याचे घर पाहायला मी गेलो होतो. आत शिरताच ते मोकळे वाटले. का वाटले, ते नंतर कळले, की आतल्या खोल्यांची दारे बिजागऱ्यांवरून काढून ठेवलेली होती, आणि कपाट एकाही खोलीत नव्हते. तिसऱ्या खोलीत मी फीत धरली. दोन मीटर रुंद, दोन मीटर चाळीस सेंटिमीटर लांब. लांबीच्या भिंतीला एकट्याचा पलंग लावला तर शेजारी एक मीटर दहा सेंटिमीटरची पट्टी उरते. तीत साठ सेंटिमीटर खोल कपाट ठेवले तर दार पुरते उघडत नाही. चौरस फुटांत ही खोली सुमारे बावन्न भरते. आणि त्या देशाच्या १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यात, गर्दी कशाला म्हणावी हे ठरवणाऱ्या कोष्टकात, पन्नास ते सत्तर चौरस फुटांची खोली अर्ध्या माणसाला पुरेशी धरलेली आहे. सत्तरांच्या पुढे गेली तरच ती एका माणसाची. हे कोष्टक मूळचे १९३५ च्या दारिद्र्यातले, अत्यंत कंजूष. आणि त्या कंजूष कोष्टकानेही जिला अर्ध्या माणसाची मानले, ती खोली माहितीपत्रकात अख्खी म्हणून छापलेली होती.

घर आक्रसते तेव्हा सर्वांत आधी नाहीसे होते ते, जे छायाचित्रात दिसत नाही. कोठीची खोली गेली. जिन्याखालची जागा गेली. दारातून आत येताच ओले जोडे आणि कोट उतरवायची पडवीसारखी जागा असे, ती गेली. स्वयंपाकघराची भिंत काढून ते दिवाणखान्यात मिसळले, आणि त्याला मोकळेपणा असे नाव दिले. फोडणी देणाऱ्या आमच्या मराठी गृहिणींना विचारा, त्या मोकळेपणाचा वास सोफ्याच्या कापडाला किती दिवस येतो. धुतलेले कपडे वाळत घालायला जागा नाही, म्हणून ते निजण्याच्या खोलीत वाळतात. त्या वाफेला बाहेर जायला वाट नसली, की ती थंड भिंतीवर बसते आणि भिंतीवर काळी बुरशी धरते. रॉचडेल येथे २०२० च्या डिसेंबरात दोन वर्षांचे एक मूल दगावले. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने जडलेला श्वसनविकार हे मृत्यूचे कारण, असा निर्णय २०२२ साली मृत्युचौकशी अधिकाऱ्याने दिला, आणि २०२३ च्या कायद्यात त्या बालकाच्या नावाने ओळखले जाणारे कलम आले. त्या घरी क्षेत्रफळ हेच कारण होते असे मी म्हणत नाही. हवा, ऊब आणि वाफ यांचा विचार न केलेल्या घरात लहान मुलाचे काय होते, एवढेच मला त्यातून दिसते.

सर्वांत विदारक प्रकार मी हार्लो येथे पाहिला. हार्लो हे १९४७ साली स्थापन झालेले नवे नगर, फ्रेडरिक गिबर्ड यांच्या आराखड्यावर वसलेले. लंडनच्या कोंदट गल्ल्यांतून माणसांना बाहेर काढून उजेडात आणणे हा त्याचा जन्महेतू. त्याच नगराच्या मध्यभागी टर्मिनस हाउस ही मूळची कचेऱ्यांची उंच इमारत आहे. २०१३ साली शासनाने कचेरीचे घरांत रूपांतर करायला नियोजनाच्या नेहमीच्या मंजुरीची गरज नाही असे ठरवले, आणि त्या मुभेखाली या इमारतीत वीस चौरस मीटरच्याही आतली घरे निघाली. त्यांत कुटुंबे आली. मुले वाहनतळावर खेळत होती. अशा रूपांतरांविषयी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी शासनासाठीच केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, राष्ट्रीय प्रमाणात बसणारी घरे शेकडा २२ निघाली. शेकडा ७२ घरांना एकाच बाजूने खिडकी होती. आणि दहा घरांना खिडकीच नव्हती. १९१८ साली हिवाळ्यातल्या उन्हासाठी सत्तर फूट अंतर मोजणाऱ्या देशात, शतकभरानंतर, सर्व राहत्या खोल्यांत नैसर्गिक उजेड असावा हे कायद्याने निराळे लिहावे लागले.

राष्ट्रीय प्रमाण म्हणून मी ज्याचा उल्लेख केला ते २०१५ च्या मार्चमध्ये आले: एकट्या माणसाला किमान ३७ चौरस मीटर, तीन खोल्यांच्या, पाचजणांच्या दुमजली घराला ९३, एकट्याच्या निजण्याच्या खोलीला साडेसात चौरस मीटर आणि किमान २.१५ मीटर रुंदी. लंडनने त्याआधीच आपल्यापुरते प्रमाण घालून घेतले होते. पण हे राष्ट्रीय प्रमाण ऐच्छिक आहे. स्थानिक नियोजन मंडळाने गरज सिद्ध करून ते आपल्या आराखड्यात घातले तरच लागू. कचेऱ्यांच्या रूपांतरांना ते २०२१ च्या एप्रिलपासून सक्तीचे झाले; शेतात नव्याने उभ्या राहणाऱ्या घराला मात्र, गाव कोणते यावर, ते लागू असेल किंवा नसेल. एका नदीच्या या तीरावर मुलाला साडेसात मीटर लागतात आणि त्या तीरावर पाच पुरतात, हे मला पटत नाही. हे प्रमाण सर्वत्र सक्तीचे झाले पाहिजे, आणि माहितीपत्रकावर खोल्यांच्या संख्येच्या आधी, मोठ्या ठशात, क्षेत्रफळ छापले पाहिजे.

गेल्या वर्षी स्लाउ येथे राहणारे पुण्याकडचे एक तरुण जोडपे माझ्याकडे एका नव्या घराचे माहितीपत्रक घेऊन आले. "काका, तीन बेडरूम आहेत, आणि आमच्या बजेटमध्ये बसतंय," असे त्याने मोठ्या आनंदाने सांगितले. बायको गरोदर होती, आणि बाळंतपणाला तिची आई येणार होती. मी नकाशावर पलंग काढला, कपाट काढले, दाराचा वर्तुळखंड काढला. मला ते करताना वाईट वाटत होते. दोघेही बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. पुढच्या महिन्यात आम्ही तिघे जवळच्याच वसाहतीतले एक जुने घर पाहायला गेलो: १९७० च्या सुमारास नगरपालिकेने बांधलेले, पुढे भाडेकरूने विकत घेतलेले, आता त्याच्या मुलांनी विक्रीला काढलेले. दर्शनी भाग अगदी साधा, विटांचा. स्वयंपाकघरात जेवणाचे मेज मावत होते. जिन्याखाली दार असलेली कोठी होती. तिच्यात त्या तरुणीने डोके घालून पाहिले आणि डब्यांची मांडणी कोठे करायची व देव कोठे ठेवायचे हे नवऱ्याला सांगून टाकले. मग ती वरच्या लहान खोलीत गेली, माझ्याकडून फीत मागून घेतली, आणि माहितीपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने आधी आईचा पलंग काढला, त्याच्याशेजारी पाळणा, भिंतीला कपाट, आणि शेवटी दाराचा वर्तुळखंड. तो कशालाही लागला नाही.